पार्टिंग लाईन

प्लास्टिकची कुठलीही वस्तू हातात आली की माझा अंगठा आधी तिच्या कडेवरून फिरतो. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत, साचे बनवणाऱ्या टूलरूममध्ये वर्षानुवर्षं काढल्यावर ही खोड लागतेच. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे वस्तूवर एक बारीक रेघ उमटते, तिला आम्ही पार्टिंग लाईन म्हणतो. साचा नीट बसत असेल तर ती नखालाही लागत नाही. साचा थकला की तिथून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा बाहेर येतो, ते फ्लॅश. साबणाची डबी, मिक्सरचं झाकण, भाच्याची वॉटरबॅग, सगळीकडे मी हे बघत असतो आणि घरचे माझ्याकडे बघत असतात. माझी अ‍ॅक्शन फिगर्सची, म्हणजे हातपाय वळणाऱ्या छोट्या प्लास्टिकच्या वीरांची, आवड स्वस्तातून महागात गेली ती पगार वाढल्यामुळे, असं बायकोचं मत आहे. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं या अंगठ्याचं.

आधीच सांगून टाकतो, ‘खरा आनंद स्वस्तातल्या खेळण्यांतच होता’ म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसणार नाही. नाशकात वाढलेल्या माझ्या वयाच्या माणसांना नवरात्रातली कालिकेची यात्रा आठवत असेल. मुंबई नाक्याकडून देवळाकडे जाताना रस्त्याच्या कडेला स्टॉल, आणि त्यांवर दोरीला टांगलेले पोकळ प्लास्टिकचे वीर. धड सगळ्यांचं एकच, मुंडकी तेवढी वेगळी. छातीवर वटवाघूळ आणि तोंडावर कोळ्याचं जाळं असाही एक इसम माझ्याकडे होता. ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरलेला. घरी पोचेपर्यंत एखादा हात निखळायचा, आणि खांद्याच्या भोकातून आत डोकावलं की पलीकडच्या खांद्याच्या भोकातून रस्ता दिसायचा. आठवण गोड आहे, हे कबूल. वस्तू वाईटच होती.

पण एका धडावर अनेक मुंडकी ही युक्ती यात्रेतल्या विक्रेत्याची नाही. मॅटेल या अमेरिकन खेळणी कंपनीने १९८२ साली हीमॅनची मालिका काढली तेव्हा कित्येक वीरांची धडं आणि हातपाय एकाच साच्यातले होते. बदलायचं ते मुंडकं, चिलखत आणि रंग. हीमॅन ज्यावर बसतो तो हिरवा वाघसुद्धा कंपनीच्या आधीच्या एका मालिकेतल्या वाघाचा साचा पुन्हा वापरून केलेला. टूलरूमच्या माणसाला यात लबाडी दिसत नाही. पोलादात साचा कापायला पैसा लागतो, आणि तो नगांवर वाटला जातो. पाच लाखांचा साचा लाख नगांवर वाटला तर नगामागे ५ रुपये, हजार नगांवर वाटला तर ५०० रुपये. खेळणं स्वस्त का आणि महाग का, याचं निम्मं उत्तर या भागाकारात आहे. उरलेलं रंगात. रंगाचा प्रत्येक हात म्हणजे एक वेगळं काम, एक वेगळा माणूस, वाळवण्याची वेगळी जागा. म्हणून स्वस्त फिगरचा पट्टा, बूट आणि केस एकाच तपकिरी रंगाचे असतात. कुणाच्या तरी हिशेबात दोन कामं वाचलेली असतात.

फनस्कूलच्या जी. आय. जो, म्हणजे अमेरिकन सैनिकांच्या, फिगर्स यात्रेतल्या मालापेक्षा फार वरच्या. एमआरएफ आणि अमेरिकेतली खेळण्यांची कंपनी हास्ब्रो यांनी मिळून १९८७ साली फनस्कूल काढली, गोव्यात कारखाना आला, आणि अमेरिकेत वापरून झालेले साचे इकडे माल काढू लागले. तेच साचे देशोदेशी फिरत. ब्राझीलमध्ये एस्त्रेला नावाच्या कंपनीनेही त्यांतून सैनिक काढले. पावणेचार इंचांचा माणूस, पण मान, खांदे, कोपर, कंबर, गुडघे सगळं वळायचं. वाढदिवसाला एक मिळायचा, वार्षिक परीक्षेचा निकाल घरच्यांना पटला तर आणखी एक. त्याच्या कंबरेच्या आत काळी रबरी रिंग असायची आणि धड-पाय तिच्या ताणावर एकत्र राहायचे. रबर ते, सुकणारच. सुकून तुटलं की सैनिकाचे दोन तुकडे. पुढे नोकरीला लागल्यावर कळलं की ती साधी ओ-रिंग, हायड्रॉलिक सीलच्या दुकानात मूठभर मिळते. एका रविवारी मी सगळ्या जुन्या शिपायांच्या कंबरा बसवून दिल्या. अंगठे मात्र गेले ते गेले. बंदूक हातात कोंबताना आमचा उत्साह त्या अंगठ्यांपेक्षा जाड होता.

फनस्कूलने काही सैनिकांना मूळ रंग सोडून वेगळेच रंग दिले. आज परदेशातले संग्राहक नेमके तेच भारतीय नग हुडकत असतात. अंजनेरीच्या नाणे संशोधन संस्थेचं संग्रहालय ज्यांनी पाहिलंय त्यांना याचं नवल वाटू नये. नाणंसुद्धा ठशाखालून ढिगाने निघालेली वस्तू, आणि संग्राहकाचा जीव अडकतो तो ठसा सरकलेल्या नाण्यात.

दिवाळीत कॉलनीतल्या किल्ल्यावर हे शिपाई मातीच्या मावळ्यांच्या जोडीने पहारा द्यायचे. बालेकिल्ल्यावर महाराज, उतारावर उगवलेले अळीव, बुरुजांवर मावळे आणि महादरवाज्याशी अमेरिकन कमांडो. कुणालाच खटकायचं नाही. मावळे दर वर्षी नवे घ्यावे लागत. रंग उडायचा, भाल्याची तार वाकायची, आणि शेवटच्या दिवशी लवंगी लावून किल्ला उडवताना उरलेले कामी यायचे. ते वापरून संपवायचेच होते. कमांडोंना मात्र आम्ही आधी उचलून घ्यायचो. कोण किती महाग, हे पोरांना कुणी शिकवावं लागत नाही.

त्याच घरात हॉलमध्ये शोकेस होती. तेव्हा सगळ्यांच्याच घरी असायची. दिवा लागणारा ताजमहाल, काचेचा हंस, कुणाला तरी कशात तरी मिळालेला कप, आणि आत्याने दुबईहून आणलेली बाहुली, जिचं वरचं प्लास्टिक कधीच काढलं गेलं नाही. हात लावायचा नाही, हा नियम. त्या शोकेसचा मला मनस्वी राग होता. आता माझ्या हॉलमध्ये माझी शोकेस आहे, आत एलईडीची पट्टी आहे, आणि भाचा आला की मी नकळत त्याच्या आणि तिच्या मधे जाऊन उभा राहतो. आईने एकदा ते सगळं नीट निरखून पाहिलं. ‘तेवढी एक घंटा आण,’ म्हणाली, ‘म्हणजे झालं.’

मधली काही वर्षं मी सहा इंचांच्या फिगर्सच्या नादात होतो. उंटवाडीच्या मॉलमध्ये जायचं ते त्यासाठीच. २००२ साली टॉय बिझ कंपनीने मार्व्हल कॉमिक्समधल्या वीरांच्या फिगर्स, मार्व्हल लेजंड्स, सुरू केल्या, पुढे २००७ पासून त्या हास्ब्रोकडे गेल्या. २००५ मध्ये त्यात एक अफलातून क्लृप्ती आली: प्रत्येक डब्यात एका मोठ्या राक्षसाचा एकेक अवयव. सगळे डबे घेतले तर राक्षस पुरा. विक्रीची अक्कल म्हणून मी याला पैकीच्या पैकी मार्क देईन. माणूस पाच आवडत्या वस्तू घेतो आणि डाव्या पायासाठी सहावी नावडती घेतो. कपाट भरत जातं. भरलेल्या कपाटाकडे बघून बरं वाटतं, पण एकेकाकडे बघायला जावं तर फार काही दिसत नाही. माझ्याकडच्या अर्ध्या जणांचं धड पुन्हा एकच होतं. यात्रेतल्यापेक्षा छान धड, एवढंच.

मग जपानहून येणाऱ्या मित्राबरोबर बांदाईची एक एस. एच. फिगुआर्ट्स मागवली. ही मालिका २००८ सालची, माप त्याच सहा इंचांच्या आसपासचं. डबा उघडला, अंगठा फिरवला, आणि रेघ लागेना. खांद्यावर नाही, मांडीवर नाही. भिंग आणलं तेव्हा सापडली: साचा करणाऱ्याने ती नेऊन पोशाखाच्या शिवणीवर बसवली होती. जिथे कापडाची शिवण असायचीच तिथे साच्याची शिवण. गेटची खूण, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात शिरतं तिथला डाग, सांध्याच्या आत, हात पूर्ण वर केल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी. यासाठी साचा दोन अर्ध्यांचा करून भागत नाही. अवयव जास्त तुकड्यांत तोडावे लागतात, साच्याच्या आतले भाग, म्हणजे कोर, सरकवावे लागतात, कुणाला तरी मॅनेजरशी भांडावं लागतं. ती फिगर कुठल्या वीराची होती याला माझ्या लेखी फारसं महत्त्व उरलं नाही. मला त्या टूलरूममधल्या माणसाशी बोलायचं होतं.

तिथून माझं बघणं बदललं, आणि कपाटही. लहानपणी फिगर्स ही गोष्टीतली पात्रं होती. एखाद्याचा हात मोडका असला तरी गोष्ट अडत नसे, उलट लढाईत जखमी झाला म्हणून तो जास्त चालायचा. आता मला गोष्ट लागत नाही. गोष्टी सांगायला घरात तीन स्क्रीन आहेत. मला लागतं ते काम, कुणीतरी मन लावून केलेलं. जमवलेली मार्व्हल लेजंड्सची सेना गंगापूर रोडच्या एका कॉलेजच्या पोराने नेली. त्याच्याकडे छापील यादी होती, टिकमार्क करत करत त्याने घासाघीस केली. राक्षसाचा उजवा हात त्याला हवा होता तो निघाला, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याची यादी अजून लांब आहे. होईल पुरी किंवा होणार नाही.

बारा इंची, म्हणजे सहाव्या मापातल्या (खऱ्या माणसाच्या एक षष्ठांश) फिगर्सकडे वळलो तेव्हा एक गंमत लक्षात आली. हे माप मोठ्या माणसांच्या चैनीतून आलेलं नाही. हास्ब्रोची १९६४ सालची पहिली जी. आय. जो बारा इंचीच होती, २१ सांध्यांची, अंगात खऱ्या कापडाचे कपडे, आणि ती पोरांसाठीच होती. १९७८ मध्ये केनर या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने पावणेचार इंची माप चालवून दाखवलं: माणूस लहान, म्हणून त्याची विमानं आणि गाड्याही पोराच्या खोलीत मावतील अशा करता येतात, आणि खरा धंदा त्यांच्यात. १९८२ मध्ये जी. आय. जोही त्या मापात आली. म्हणजे कापड गेलं, उंची गेली, नगाची किंमत उतरली. मोठ्या मापाकडे पुन्हा वळले ते पुढे कमावते झालेले गिऱ्हाईक. हाँगकाँगची हॉट टॉइज २००० साली सुरू झाली आणि तिने या मापात चेहऱ्याची अशी काही बारकाई आणली, की फोटोत खरा माणूस आणि फिगर यांत क्षणभर गफलत व्हावी. मुंडकं कुणी कोरलं, रंग कुणाच्या हातचा, हे तिथे नावानिशी सांगतात. जे. सी. हाँग या कोरियन कलावंताचं नाव मी असंच शिकलो. यात्रेतल्या वीराच्या ओठांवर लाल फराटा मारणाऱ्याचं नाव कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यालाही ते सांगायची फारशी इच्छा नसावी.

चेहऱ्यावरून आठवलं. आमच्या शेजारचे काका नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेत. नोटांच्या छपाईत आयुष्य गेलेलं, खिशात अजूनही घडीचं भिंग. मी त्यांच्यापुढे दोन मुंडकी ठेवली, एक सहा इंचीचं, एक बारा इंचीचं. अलीकडे सहा इंचींचे चेहरे यंत्राने थेट प्लास्टिकवर छापतात, आणि हातभर अंतरावरून ते फार सुंदर दिसतात. काकांनी भिंग लावलं. ‘हे छापलंय. ठिपके बघ. बुबुळाची कड सरळ नाही, ठिपक्यांची आहे.’ मग दुसरं उचललं आणि बराच वेळ बोलले नाहीत. ‘हा हात आहे,’ शेवटी म्हणाले. ‘आणि माणूस घाईत नव्हता.’ डोळ्याच्या कोपऱ्यातला तो ओला गुलाबी ठिपका दिसला का, असं मी विचारलं, तर म्हणाले, मला तोच आधी दिसला. गणपतीच्या कारखान्यातही अंग कुणीही रंगवतं, पण डोळ्यांच्या आखणीला जाणता हातच बसतो. मूर्ती बघणाऱ्याकडे बघते की त्याच्या पलीकडे, हे तिथे ठरतं.

पैशांबद्दल बोलायला हवं. अशा एका फिगरची परदेशातली किंमत साधारण अडीचशे-तीनशे डॉलरपासून सुरू होते. त्यावर आपल्याकडचा आयातकर: खेळण्यांवर तो फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाला, २०२३ मध्ये ७० टक्के. देशातला खेळण्यांचा धंदा वाढावा म्हणून हे केलं, आणि अंबडमध्ये पोट भरणारा मी त्याविरुद्ध कुठल्या तोंडाने बोलणार? १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआयचा शिक्काही सक्तीचा झाला, तो १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना. माझ्या शोकेसमधले लोक कायद्याच्या नजरेत खेळणीच नाहीत बहुधा, पण कर भरताना अचानक होतात. बायकोशी माझा करार साधा आहे: नवा माणूस आला तर जुना एक घराबाहेर. हा करार संग्रहाच्या फार पथ्यावर पडला, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

महाग म्हणजे टिकाऊ असं मात्र कुणी समजू नये. उलट आहे. त्या यात्रेतल्या पोकळ वीराला पन्नास वर्षांत काही होणार नाही. पण सहाव्या मापातलं लेदर जॅकेट खऱ्या चामड्याचं नसतं. कापडावर पॉलियुरेथेनचा थर असतो, आणि हवेतला ओलावा त्या थराला हळूहळू फोडतो. नाशिक मुंबईइतकं दमट नाही, तरी चार महिने पाऊस असतोच. माझ्याकडच्या एका जॅकेटची कॉलर अशीच सोलली, उन्हात जळलेल्या पाठीसारखी. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या की वेग कमी होतो, थांबत नाही. पीव्हीसीचं दुखणं वेगळंच: ते मऊ राहावं म्हणून घातलेलं रसायन वर्षांनी पृष्ठभागावर येतं आणि अंग चिकट होतं. डब्यात कोंडून ठेवलेल्याला हे जास्त होतं, कारण वाफ बाहेर पडत नाही. डबा न उघडता ‘मिंट’, म्हणजे कोरा करकरीत, म्हणून वर्षानुवर्षं जपणाऱ्यांना मी हे मुद्दाम ऐकवतो. थोड्या साबणाच्या पाण्याने धुवावं, सावलीत वाळवावं, हवेत ठेवावं.

डबे न उघडणारे, ‘लिमिटेड एडिशन’ म्हटलं की दोन घेणारे, एक ठेवायला आणि एक पुढे विकायला, यांच्याशी माझं जमत नाही. त्यांनी शेअर घ्यावेत. शेअरला धूळ तरी बसत नाही. आणि पॉलिस्टोनचे, म्हणजे रेझिनमध्ये दगडाची पूड घालून ओतलेले भलेमोठे पुतळे मला आवडत नाहीत. त्यांना सांधे नसतात. कोपर वाकत नसेल तर ती कसली फिगर! भाच्याचं मत माझ्या अख्ख्या शोकेसबद्दल हेच आहे. परवा बराच वेळ काचेला नाक लावून उभा होता. ‘मामा, हे करतात काय?’ उभे राहतात, मी म्हटलं. ‘एवढंच?’ त्याचं बरोबर आहे. मी त्याला त्याचा दहा सांध्यांचा स्वस्तातला रोबो हातात दिला आणि तो पाच मिनिटांत सोफ्यामागे युद्धावर गेला.

सध्या डोक्यात वेगळंच आहे. मला हवा आहे सहाव्या मापातला मावळा, जत्रेतल्या ढाल-तलवारीचा नको, नीट. साडेपाच फुटांचा माणूस धरला तर २८ सेंटीमीटर. पोलादी साच्याचा भागाकार इथे चालतच नाही, पण त्याची गरजही नाही: चेहरा थ्रीडी प्रिंटरवर काढायचा, त्यावर सिलिकॉनचा साचा ओतायचा, त्यातून पॉलियुरेथेनचे वीस-पंचवीस नग निघतात, मग तो फाटायला लागतो. मला तर एकच हवाय. डोळ्यांसाठी एक मूर्तिकार तयार आहे, गणपती झाल्यावर ये म्हणालाय. ढालीवरची पितळेची चार फुलं तांबट आळीतून ठोकून आणली, प्रत्येक नखाएवढं. कारागिराने विचारलं, ‘भातुकलीला हवीत का?’ मी हो म्हटलं. तिथे उभ्या उभ्या सगळं समजावत बसायचं कुणी?

अडलंय ते कपड्यांवर. माणूस सहाव्या मापाचा करता येतो, सूत करता येत नाही. साधं सुती कापड त्या अंगावर गोणपाटासारखं दिसतं. बरंच हुडकल्यावर भद्रकालीत पुरेसं तलम मलमल मिळालं. मग ते घेऊन आमच्या शिंप्याकडे गेलो, वहीत काढलेली बाराबंदी दाखवली, वीतभर उंचीची. त्याने चष्मा वर केला, कापड उजेडात धरलं, दोनदा उलटसुलट केलं. मी म्हटलं, एवढुशीच आहे, हाताचे पैसे जरा बेताने लावा.

‘बंद बाराच लावायचे ना?’ तो म्हणाला. ‘मग पैसेही पुऱ्या बाराबंदीचे.’